तायडे बाई आणि चौथा पर्याय

संत्र्याच्या त्या प्रश्नात चौथा पर्याय बरोबर होता, हे मी आजही म्हणतो. तायडे बाई तिसरा म्हणायच्या. परीक्षेच्या उत्तरतालिकेतही आधी तिसराच छापून आला होता. पण ज्यानं उभा जन्म शेंदूरजनाघाटच्या बागा उक्त्या, झाडावरचा सगळा माल एकदम ठरवून, घेण्यात घातला, झाडाखाली उभं राहून नुसतं वर पाहिलं आणि माल किती उतरेल ते सांगितलं, त्या माणसाला संत्रं म्हणजे काय ते कोणी कागदावरून शिकवू नये. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्याची मला लाज नाही. शाळेनं मला जे शिकवलं नाही ते बाजारानं शिकवलं.

तरी बाईंचं आणि माझं भांडण ज्या प्रश्नावरून झालं, तसलं भांडण मला पुन्हा कोणाशी करता आलं नाही. लोक भांडतात, पण नीट भांडत नाहीत. बाई नीट भांडायच्या.

अमरावतीला राजापेठेत चौकाजवळ माझं घर आहे. खाली आम्ही म्हातारा-म्हातारी राहतो, वर मोठा हॉल आहे. व्यापार सोडला तेव्हा तो हॉल रिकामा पडला होता. एका सकाळी बाई दारात आल्या. ठेंगणा बांधा, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि दाढेखाली लवंग. बोलताना लवंगेचा वास यायचा.

"क्लास घ्यायचा आहे. वरची जागा पाहिजे होती."

"क्लासवाल्याले मी जागा देत नाही."

"काहून, काकाजी?"

"मांगं एकाले देली होती. पोट्ट्यायनं भिंती खराब केल्या. जिना थुकून थुकून लाल केला."

"बरं," बाई म्हणाल्या. "त्या क्लासवाल्यानं भिंती खराब केल्या, म्हणून मीबी करीन. मंधात काय आहे?"

"मंधात काय म्हणजे?"

"त्याचं एक आन् माहं एक. याच्या मंधात जोडणारं काय आहे?"

मला राग आला. मी म्हटलं, "मंधात मी आहो. घर माहं आहे."

बाई हसल्या. त्यांचं हसणं ऐकू यायचं नाही, फक्त खांदे हलायचे. "हे पक्कं आहे," म्हणाल्या. "याच्यावर मले बोलता येत नाही. येते मी."

आणि खरंच निघाल्या. घासाघीस करणारे मी आयुष्यभर पाहिले. पाय धरणारे पाहिले, शिव्या देणारे पाहिले. आपण हरलो हे कबूल करून हसत हसत जाणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. त्या फाटकापर्यंत गेल्या असतील, तेवढ्यात माझ्याच तोंडून हाक गेली, "बाई, आल्याच आहात तर जागा पाहून तरी घ्या!"

शेजारच्या देशमुखांनी दुसऱ्या दिवशी मला कुंपणापाशी गाठलं. "विचारपूस केली का? कोण, कुठच्या?"

"अकोल्याच्या. जुन्या शहरातल्या. आडनाव तायडे. अजून काय पाहिजे?"

देशमुखांना जे विचारायचं होतं ते त्यांना मोकळेपणानं विचारता येईना. मी म्हटलं, "घर माहं, किल्ली माही." तिथं तो विषय संपला. बाईंनी हॉलच्या खिडकीत बुद्धाची वीतभर मूर्ती ठेवली. आमच्या म्हातारीनं कुंडीतलं मोगऱ्याचं फूल नेऊन तिथं वाहिलं. मला विचारलं नाही. या घरात मला कोणी विचारत नाही.

बाई काय शिकवतात हे मला आधी कळेना. सरकारी नोकरीच्या परीक्षेत गणित असतं, इतिहास असतो, एवढं ठाऊक होतं. पण एखाद्याचं म्हणणं पक्कं कसं करायचं आणि ढिलं कसं करायचं, याचीही परीक्षा असते हे मला नवीन होतं. चार ओळींचा मजकूर असतो. त्यात कोणीतरी काही सांगतो आणि त्यावरून काही ठरवून मोकळा होतो. खाली चार पर्याय. आणि विचारतात, यातलं कोणतं विधान त्या म्हणण्याला सगळ्यात जास्त बळकटी देतं?

भिंतींवर लक्ष ठेवायचं म्हणून मी पेपर घेऊन हॉलच्या मागच्या खुर्चीत बसायला लागलो. भिंतींना काही झालं नाही. पण माझा पेपर वाचायचा राहून जाऊ लागला.

एक दिवस बाईंनी फळ्यावर लिहिलं: राजापेठेत गाड्यांची गर्दी वाढली आहे, म्हणून दुकानांचा धंदा वाढला असणार. याला बळ कशानं येईल? पर्याय वाचून दाखवले. एक होता, दुकानांचा धंदा खरोखरच फार वाढला आहे. एक होता, रस्ता रुंद करायला पाहिजे. आणि एक होता, इथं गाडी लावणारे बहुतेक लोक दुकानात शिरतात.

निम्म्या पोरांनी पहिल्याला हात वर केला. खोटं कशाला सांगू, हात वर करायचं वय असतं तर मीही केला असता. धंदा वाढला म्हणून ठासून सांगितलं की झालं ना पक्कं!

बाई कोणाला चूक म्हणायच्या नाहीत. "अजून पोचला नाही," म्हणायच्या. त्या खिडकीपाशी गेल्या. "माहं घर अकोल्याले मोर्णा नदीच्या पलीकडं. लहानपणी शाळेत जायले पूल लागे. तुमच्याजवळ जे आहे तो हा काठ. तुम्हाले जे म्हणायचं आहे तो तिकडचा काठ. मंधात पाणी. बळ देणं म्हणजे पाण्यात खांब उभा करणं. तिकडच्या काठाकडं पाहून 'पोचलो, पोचलो' म्हणून बोंबलणं नाही."

सगळा क्लास हसला. मी हसलो नाही, कारण आमच्या वऱ्हाडात मुद्दा कमी पडला की आवाज वाढवायची रीत आहे आणि ती रीत मी स्वतः पुष्कळ पाळली आहे. तिच्यावर माझा बाजार चालला.

बाईंची रीत उलटी. समोरचा जितका मोठ्यानं बोलेल तितक्या त्या हळू बोलायच्या, शेवटी समोरच्याला ऐकायसाठी गप्प बसावं लागायचं. संध्याकाळी कधी कधी त्या आमच्याकडे चहाला यायच्या. टीव्हीवर चारपाच जण एकदम ओरडत असले की बाई म्हातारीकडून रिमोट घेऊन आवाज बंद करायच्या. "आता पाहा काकाजी. ज्याच्याजवळ काही आहे त्याचे हात कमी हालते." मी पाहत बसायचो. म्हातारी मला म्हणायची, "मंग तुमचे हात काहून इतके हालते वो?"

फळ्यावरचे चुकीचे पर्याय त्या लगेच पुसायच्या नाहीत. तास संपेपर्यंत ते तसेच राहायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पेपर काढणाऱ्यानं याच्यावरच जास्त मेहनत घेतली असते, काकाजी. बरोबर उत्तर तर कोणालेबी लिहिता येते. बरोबर वाटेल असं चूक उत्तर लिहायले डोकं लागते." चुकीची इतकी इज्जत करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पण ही इज्जत माझ्या अंगावर शेकली. माझ्या आवारातल्या कडुलिंबाची एक फांदी देशमुखांच्या छतावर जाते. देशमुख म्हणायचे, तुमच्या झाडामुळे माझं छत गळतं. मी म्हणायचो, तुमचं छतच भिकार आहे. दोन पावसाळे आम्ही यावर भांडलो, आणि जिंकत मी होतो, कारण आवाज माझा मोठा. एकदा भांडण चालू असताना बाई जिना उतरत होत्या. त्या थांबल्या आणि देशमुखांना म्हणाल्या, "भाऊ, छत पूर्ण गळते का फांदीखालीच गळते? तेवढं पाहून घ्या ना."

देशमुखांनी पाहिलं. फांदीखालीच गळत होतं. पाला नळीत अडकून पाणी तुंबत होतं.

"बाई, तुमी भाडेकरू माह्या आन् वकिली त्याची?" मी वर जाऊन विचारलं.

"त्यायचं म्हणणं लंगडं होतं, काकाजी. लंगड्याले काठी द्या आन् मंग हरवा. तसंच पाडलं तर त्याच्यात काय मोठेपणा?"

फांदी तोडली. मी हरलो असं कोणी समजू नये. ती फांदी वाळतच आली होती.

आता ज्योत्स्नाबद्दल सांगतो, कारण तिच्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत. ज्योत्स्ना शेंदूरजनाघाटची. तिच्या बापाची बाग मी कितीदा तरी घेतली आहे, तिला झाडाखाली खेळताना पाहिली आहे. राजापेठेत खोली करून राहायची, सकाळी एका खाजगी शाळेत शिकवायची आणि दुपारी बाईंच्या क्लासला यायची. भिंतीकडेच्या बाकावर बसायची. उत्तर आलं तरी ओढणीत बोलायची. आधी दोनदा ती याच तर्काच्या पेपरात अडकली होती. बाकी सगळं यायचं, पण इथं खरं वाटेल त्या पर्यायावर खूण करून यायची. बाई तिला सांगायच्या, "अवं, खरं काय ते विचारलंच नाही. ह्या माणसाच्या म्हणण्याले कामी काय येते ते विचारलं." त्या वर्षी तिच्या वयाची मर्यादा संपत होती. म्हणजे ही परीक्षा शेवटची. पास झाली तर लेखी परीक्षेला बसायला मिळणार, नाही तर हे दार कायमचं बंद. बाप म्हणायचा, माहं काही म्हणणं नाही पोरी, तू घरी आली तरी घर तुयंच आहे. पण तिला त्या मायेचीच भीती वाटायची.

परीक्षा झाली. काही दिवसांनी उत्तरतालिका आली. ज्योत्स्नानं आपले गुण जुळवून पाहिले आणि त्या पेपरात पात्र व्हायला ती अगदी थोडक्यात कमी पडत होती. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. एका उत्तराचे कापलेले गुण परत मिळाले तरी ती तरत होती. आणि ते एक उत्तर होतं संत्र्याचं.

प्रश्न असा होता. पाऊस चांगला झालेल्या एका वर्षी एका शहरात संत्र्याचे भाव मागच्या वर्षीपेक्षा बरेच उतरले. त्यावरून एक जण म्हणतो की त्या वर्षी बागांत पीक जास्त आलं असावं. याला बळकटी कशानं येते? पहिला पर्याय, संत्रं प्रकृतीला चांगलं असतं. दुसरा, शहरात फळांची दुकानं वाढली. तिसरा, मागणी मागच्या वर्षीइतकीच होती आणि बाहेरच्या राज्यातून माल आला नव्हता. चौथा, त्या वर्षीची संत्री आकारानं लहान होती.

तालिकेत तिसरा होता. पण आमच्या हॉलमधली गंमत पाहा. अकोल्याकडची, कापसाच्या मुलखातली सगळी पोरं तिसऱ्यावर होती. वरुड-मोर्शीकडची, संत्र्याच्या मुलखातली एकजात चौथ्यावर, ज्योत्स्नाही त्यांत. ज्याला संत्रं कळत नाही तो म्हणेल, फळ लहान म्हणून स्वस्त विकलं, त्यात पीक जास्त कुठून आलं? पण बागेत वाढलेल्या पोराला विचारा. झाड लदलं की फळ बारीक राहतं. जितका बहार जास्त तितकं फळ लहान. हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल.

"प्रश्न काढणारा गाढव आहे," मी मागच्या खुर्चीतून सांगून टाकलं. "त्यानं जन्मात बाग पाहिली नसन."

वरुडकडची पोरं टेबल वाजवायला लागली. बाई गप्प उभ्या राहिल्या. आवाज उतरल्यावर हळू म्हणाल्या, "मले वाटते तालिका बरोबर आहे."

मग ज्योत्स्ना उठली. उभं राहून बोलताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. ओढणी हातात होती, तोंडावर नव्हती. "मॅडम, मी पाहिलं आहे ते. लदलेल्या झाडाले टेकू द्यावा लागते आन् फळ लिंबाएवढं राहते. हे खोटं आहे का?"

"खोटं नाही म्हटलं मी."

"मंग?"

"मंग हरकत नोंदव. मुदत आहे अजून. पण 'आमच्या गावात सगळ्यायले माहीत आहे' असं लिहिलं तर कोणी वाचणार नाही. बळ दे त्याले."

मुलं गेल्यावर मी बाईंना म्हटलं, "तुमी तिसऱ्यावाल्या. मंग तिले काहून शिकवता?"

"तिचं म्हणणं चांगलं उभं राहून पडलं तर मले काही वाटणार नाही. उभंच न राहता पडलं, तर वाटीन." आणि मग म्हणाल्या, "काकाजी, मले ती बाग दाखवा."

दुसऱ्या दिवशी बाई, ज्योत्स्ना आणि मी एसटीनं शेंदूरजनाघाटला निघालो. मोर्शी गेल्यावर बाई खिडकीबाहेर पाहत बसल्या. संत्र्याच्या बागा त्यांनी अशा जवळून पाहिल्या नव्हत्या. बोलता बोलता बापाचं सांगितलं. बाप अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. कामावर कोणाचा हात मशीनमध्ये गेला, तेव्हा बाप मालकाशी भांडायला गेला. "त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, काकाजी. पण मालकानं विचारलं, मशीन खराब होती कशावरून? बाप म्हणे, खराब होती म्हणजे होती. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच, अजून मोठ्यानं. मंग त्याले बाहेर काढलं. घरी आला आन् म्हणे, मी खरं बोललो वो, पण मले जमलं नाही." एवढं सांगून बाई परत बाहेर पाहायला लागल्या.

बागेत तोडणी चालू होती. ज्योत्स्नाच्या बापानं आम्हाला लदलेलं झाड दाखवलं. फांद्यांना बांबूचे टेकू, फळ बारीक, झुपकेच झुपके. पलीकडे हलकं झाड, फळ मुठीएवढं मोठं. मी बाईंकडे पाहिलं. म्हटलं, "आता बोला!"

बाई दोन्ही झाडांखालून फिरल्या. बागेच्या टोकाकडे चालत गेल्या. तिथं एका झाडावर फळ मोजकंच होतं, आणि तेही बारीक. त्यांनी ज्योत्स्नाला बोलावलं. "हे काहून बारीक आहे?"

ज्योत्स्ना झाडाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली. "काकाजी, हे काहून बारीक आहे?"

आता मी हट्टी आहे, पण मालाबद्दल खोटं बोलत नाही. बाजारात एकदा खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी जाते. मी म्हटलं, "इकडं पाणी पोचत नाही. पाणी कमी पडलं तरीबी फळ बारीकच राहते."

ज्योत्स्नाचा बाप जमिनीकडे पाहायला लागला. फळ बारीक म्हणजे पीक जास्त, असं आता छाती ठोकून म्हणता येत नव्हतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बाईंचा फार राग आला. एवढ्या लांब येऊन पोरीच्याच म्हणण्याला भोक पाडलं.

बाई तिच्याजवळही गेल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रश्न पुन्हा वाच. मोठ्यानं."

ज्योत्स्नानं फोन काढून वाचायला सुरुवात केली. "पाऊस चांगला झालेल्या एका वर्षी..." आणि तिथंच थांबली. "मॅडम! पाऊस चांगला झाला होता. त्यायनंच लिहिलं आहे. म्हणजे पाणी कमी पडून बारीक नाही राह्यलं!"

"मंग कशानं?"

"लदल्यानं! झाडं लदली म्हणून!"

बाईंचे खांदे हलले. "हे गावाले माहीत आहे म्हणून नाही, कागदावर आहे म्हणून."

पण बाई तेवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या. परतीच्या गाडीत त्यांनी दुसरं भोक दाखवलं. बारीक फळ मुळातच स्वस्त विकतं. मग भाव पीक जास्त आल्यानं उतरले, का फळ बारीक म्हणून? ज्योत्स्ना म्हणाली, बारीक माल आमच्याकडून शहरात जातच नाही. बाई म्हणाल्या, हे कागदावर नाही. यावर वरुड ते मोर्शी भांडण झालं. पुढच्या सीटवरचा कंडक्टर उठून आला आणि म्हणाला, "बाई, पोरीचं खरं आहे. आमच्या सासऱ्याची बाग आहे." बाईंनी त्यालाही विचारलं, "मंधात काय?" तो तिकिटं फाडायला पळाला.

हरकत लिहायला दोघी हॉलमध्ये बसल्या. कृषी महाविद्यालयातल्या कोणाकडून तरी एका पुस्तकातलं पान मिळवलं होतं, त्यात बहार आणि फळाच्या आकाराचं लिहिलेलं होतं. मी शेजारी बसून ऐकत होतो. ज्योत्स्नानं लिहिलं होतं, तिसरा पर्याय चुकीचा असून चौथा बरोबर आहे. बाई म्हणाल्या, "तिसरा चुकीचा आहे हे तू दाखवलं का?"

"नाही."

"मंग लिहू नको. जेवढे खांब आहेत तेवढाच पूल."

शेवटी असं झालं, तिसरा बळ देतोच, पण दिलेल्या मजकुराप्रमाणे चौथाही बळ देतो, म्हणून एकच उत्तर धरणं बरोबर नाही. वर बारीक फळ स्वस्त विकतं हेही लिहिलं, आणि त्याला उत्तरही: चांगल्या पावसात फळ बारीक राहतं तेच पीक जास्त आल्यानं, मग भाव कशानंही उतरोत.

मला राहवलं नाही. "आपल्या पेटीतलं सडकं फळ आपणच वर ठेवता का?"

"त्यायले ते दिसणारच आहे, काकाजी. आपण वर ठेवलं तर निदान त्याच्याबद्दल बोलता येते."

मी म्हटलं हे मिळमिळीत झालं. व्यापारात असा माल विकला असता तर मी भिकेला लागलो असतो. ज्योत्स्ना मात्र ते पुन्हा पुन्हा वाचत होती आणि दर वेळी एक शब्द बदलत होती. बाई उठून खिडकीशी डबा खायला गेल्या. पोरीनं त्यांना परत बोलावलं नाही. आपलं आपण पुरं केलं आणि पाठवून दिलं.

मग नुसती वाट पाहणं राहिलं. तेवढ्या दिवसांत ज्योत्स्ना क्लासला यायची, पण जेवायची नाही. आमची म्हातारी तिला जबरदस्तीनं भाकर-पिठलं वाढायची. मी देवाला काही बोललो नाही. पण चौथा पर्याय बरोबर निघावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि नुसतं माझ्यासाठी नाही.

अंतिम तालिका आली त्या दुपारी ज्योत्स्ना फोन हातात घेऊन जिन्यावरच ओरडली. मी वर गेलो. बाई चष्मा लावून वाचत होत्या.

"काय आलं? चौथा का तिसरा?"

"प्रश्न रद्द," बाई म्हणाल्या.

"रद्द म्हणजे?"

"म्हणजे ह्या प्रश्नाचे गुण कोणाले नाही, आन् कोणाचे कापणारबी नाही."

ज्योत्स्नाचे कापलेले गुण परत आले होते. ती बाकावर बसून हिशेब करत होती, हसत होती, मध्येच रडत होती, आणि पुन्हा पहिल्यापासून करत होती. निकाल यायला अजून वेळ होता, पण पोरगी तरली हे तिथं सगळ्यांना कळलं. वरुडकडची पोरं जिना हादरवत खाली गेली आणि पेढे घेऊन आली. मी माझ्या भिंतींकडे पाहिलंही नाही.

"तुमच्याच्यानं झालं मॅडम," ज्योत्स्ना म्हणाली.

"मी तिसऱ्यावालीच आहे अजून," बाई म्हणाल्या. "हे तू केलं."

"रद्द म्हणजे तुमचाबी चूक निघाला, बाई," मी म्हटलं.

"तुमचाबी बरोबर निघाला नाही, काकाजी."

त्यांनी एक पेढा उचलला, अर्धा मला दिला, आणि ज्योत्स्नाला म्हणाल्या, "रडून झालं असन तर पेन काढ. आता चार पर्याय नाही भेटत. आता पूर्ण पान तुले एकटीले लिहायचं आहे."

निकाल आला, ज्योत्स्ना पात्र झाली. त्यानंतर बाईंनी अमरावतीचा क्लास बंद केला. अकोल्याला आई थकली होती, तिच्याजवळ कोणी पाहिजे होतं. जुन्या शहरात घराजवळच्या विहारात शिकवणार म्हणाल्या, तिकडच्या बऱ्याच पोरांना राजापेठेपर्यंत येणं परवडत नाही. म्हातारीनं त्यांना लोणच्याची बरणी दिली. मी संत्र्याची पेटी दिली. पेटी उघडून बाईंनी वरचं फळ हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं. फळ मोठं होतं, हलक्या झाडाचं.

ज्योत्स्ना त्यांना बसस्टँडवर सोडायला स्कूटर घेऊन आली होती. तिची लेखी परीक्षा महिन्यावर होती, ती चार वह्या पिशवीत घेऊनच फिरायची. दोघी निघाल्या. मी वर हॉलच्या गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिथून चौकातला सिग्नल दिसतो.

सिग्नल लाल होता. स्कूटर सगळ्यात पुढं उभी होती, बाईंच्या मांडीवर पेटी. ज्योत्स्ना मान मागं वळवून काहीतरी सांगत होती, दोन्ही हात हँडलवरून सुटले होते. बाई मान हलवत होत्या, नाही, नाही. ज्योत्स्नानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या, एक ऑटोवाला बाजूनं शिव्या देत निघून गेला. त्या दोघींना पत्ता नव्हता. बाई पेटीवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताची बोटं एकेका मुद्द्याला हवेत उभी धरत होत्या, आणि पोरगी त्यातलं एकेक बोट धरून खाली दाबत होती.